पहिल्या मापाचा पेला

कारंजा (घाडगे) इथं हायवेवरून गावात वळलं की डाव्या हाताला हिरालाल यांचं दुधाचं दुकान लागतं. दुकानावर पाटी आहे, पण ती वाचून तिथं कुणी जात नाही. लोक जातात ते पेल्यावर विश्वास ठेवून.

पेल्याची रीत हिरालालांच्या वडिलांपासूनची. सकाळी सहाला गवळाऊ गाईंचं दूध कॅनमधून यायचं. विक्री सुरू होण्याआधी सगळ्यांच्या देखत पहिलं माप भरून पडद्याआड जायचं, एक उकळी येऊन, फेसासकट काचेच्या पेल्यात बाहेर यायचं, आणि ते मालकानं उभ्यानं, एका दमात प्यायचं. मगच दुसरं माप गिऱ्हाइकाच्या भांड्यात. पेला काचेचाच. स्टीलच्या पेल्यात मालक काय पितो ते लोकाईले कसं कळन, असं वडील म्हणत. आपण विकतो ते आपण पितो, एवढी साधी गोष्ट. पण साध्या गोष्टीवर दुकान तीन पिढ्या चालतं, हे तालुक्यात दुसऱ्या कुणाला सुचलं नव्हतं.

पडद्याआडच्या उकळीचं काम हिरालालांच्या बायकोचं, सुलोचनाबाईंचं. त्यांचं माहेर आंजीचं. बघायला आलेल्या सासूबाईंनी त्यांना ना गाणं विचारलं ना शिवण. दोन वाट्यांत दूध पुढे ठेवलं आणि कशात पाणी आहे ते सांग म्हणाल्या. सुलोचनाबाईंनी दोन्ही वाट्यांतला एकेक थेंब अंगठ्याच्या नखावर घेतला. चांगल्या दुधाचा थेंब नखावर मोत्यासारखा बसून राहतो, पाणी घातलेला ओघळतो. दोन्ही बसून राहिले. "दोन्हीत नाई," त्या म्हणाल्या. सासूबाईंनी तिथल्या तिथं सुपारी फोडायला सांगितली.

त्यानंतर चौतीस वर्षं त्यांनी दूध तापवलं, विरजलं, घुसळलं, कढवलं. प्यायल्या मात्र नाहीत. तसा कुणी मज्जाव केला नव्हता. आधी गिऱ्हाईक, मग सासरे, मग नवरा, मग मुलगा धीरज, मग उरलं ते विरजणाला, असा क्रम होता आणि त्या क्रमात त्यांचा नंबर चहापाशी लागायचा. दूधवाल्याच्या बायकोनं अख्खा पेला दूध कधी प्यायलं नाही, हे कुणाच्या लक्षात आलं नाही. त्यांच्याही आलं नव्हतं.

मागच्या दिवाळीनंतर हिरालालांचं पोट बिघडायला लागलं. पेला प्यायला की तासाभरात पोटात गुडगुड, मग धावपळ. ओवा झाला, हिंग झालं, काळं मीठ झालं. शेवटी धीरजनं सावंगीच्या दवाखान्यात नेऊन दाखवलं. डॉक्टर तरुण पोरगी होती. तिनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, काका, तुम्हाला वयामुळे दूध पचत नाही, दूध बंद करा. दुसरं काही झालेलं नाही.

परतताना हिरालाल गाडीच्या खिडकीबाहेर बघत होते. कोंढाळीचा शेतमाल घेऊन चाललेले ट्रक मोजत बसले असावेत. घरी आल्यावर बायकोला म्हणाले, "म्या दूध सोडलं तं दुकान कोन धरीन?"

यात अतिशयोक्ती नव्हती. हायवेवरचे चार ढाबे चहाला याच दुकानाचं दूध घेत, ते पेल्याकडे बघून. मालकच आपलं दूध पीत नाही, हे एकदा पसरलं की त्यामागचं पोट कुणी विचारत बसणार नव्हतं. धीरजनं पेला प्यावा, तर तो कॅन उतरताच ढाब्यांचं दूध घेऊन निघायचा. आणि खरं म्हणजे हिरालालांना तो पेला कुणाला द्यायचाच नव्हता. दिवसभरात त्यांच्याकडे सगळे मान वर करून बघतात, असा तेवढा एकच क्षण होता.

तोडगा सुनेनं, रक्षानं काढला. रक्षाचा फोन तिला रोज काहीतरी शिकवत असे. तिनं सासूला दाखवलं की शहरातल्या बाया बदामाचं, काजूचं, शेंगदाण्याचं दूध घरी करतात, आणि ते दिसायला हुबेहूब दुधासारखं असतं.

"गाईचं नाई तं त्याले दूध काऊन म्हनते?" सुलोचनाबाईंनी विचारलं.

"म्हनाचं असते, आई."

सुलोचनाबाईंना ते उत्तर पटलं नाही, पण उपाय पटला. पहिल्या दिवशी त्यांनी शेंगदाणे सालासकट वाटले, तर राखेच्या पाण्यासारखा रंग आला. दुसऱ्या दिवशी रात्री भिजवून, सकाळी चोळून सालं काढली, कोमट पाणी घालून मिक्सरमधून काढलं, जुन्या धोतराच्या मऊ फडक्यातून पिळलं; पण कच्च्या शेंगांचा वास गेला नाही. तिसऱ्या दिवशी ते चांगलं खळखळ उकळवलं, वेलची घातली, आणि पांढरेपणासाठी मूठभर सोललेले बदाम वाटणात टाकले. मग एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात उंचावरून चार धारा दिल्या. फेस आला. चौतीस वर्षांची हाताची सवय. त्या हातानं चुन्याच्या निवळीलाही फेस आणला असता. फडक्यात राहिलेल्या चोथ्याची त्यांनी लसूण-मिरची घालून चटणी केली, ती धीरजला इतकी आवडली की घरात या दुधाविषयी कुणाची तक्रार उरली नाही.

चव कशी आहे, असं विचारल्यावर हिरालाल म्हणाले, "मीठ घालजो थोडं." म्हणजे आवडलं होतं.

असे चार महिने गेले. पहिलं माप सगळ्यांच्या देखत आत जायचं आणि रक्षाच्या विरजणाच्या पातेल्यात पडायचं. पडद्यातून बाहेर यायचा तो शेंगदाण्याचा पेला. कॅनमध्ये पाण्याचा थेंब नव्हता, मापं भरून होती, हिशेब चोख होता. दुकानात खोटी अशी एकच वस्तू होती, ती म्हणजे खरेपणाची खूण.

सुलोचनाबाईंना याचं हसू यायचं, पण पडद्याआड. त्यांना धास्तीही वाटायची. रक्षानं सुरुवातीलाच बजावलं होतं की हे दूध नुसतं ठेवायचं नाही. ठेवलं की फुटल्यासारखं दिसतं, हलवून लगेच प्यायचं. हिरालाल लगेच प्यायचे. त्यांना लोकांसमोर रेंगाळायची सवय नव्हती.

त्या दिवशी मात्र पेला बाहेर गेला आणि फोन वाजला. चार ढाबेवाल्यांपैकी रूपरावांच्या घरी लग्न होतं. दूध किती, दही किती, खवा कुणाचा, वरात किती वाजता, हे सगळं त्यांना त्याच घडीला ठरवायचं होतं. हिरालाल फोन कानाला लावून पायरीवर उतरले. पेला काउंटरवर राहिला. उन्हाची तिरीप बरोबर त्याच्यावर.

काउंटरच्या बाजूच्या बाकावर बापूराव बसले होते. बापूराव वजनमाप खात्यातून निवृत्त झालेले. नोकरीत असताना त्यांनी तालुक्यातल्या प्रत्येक दुकानाची मापं उलटी करून बुडं पाहिली होती. बावीस वर्षांपूर्वी याच दुकानाचं लिटरचं माप तपासून ते काही न बोलता निघून गेले होते आणि दुसऱ्या दिवसापासून स्वतःच्या घरचं दूध इथून नेऊ लागले होते. गावानं हे प्रमाणपत्र मानलं होतं. निवृत्तीनंतर त्यांच्याकडे तपासायला काही उरलं नव्हतं, म्हणून ते रोज पेला बघत.

पेपर वाचता वाचता त्यांची नजर पेल्यावर गेली. ती तिथंच राहिली. त्यांनी पेपराची घडी घातली, चष्मा पुसला, पुन्हा पाहिलं. पेल्याच्या बुडाशी दोन बोटं पांढरा गाळ बसला होता आणि त्याच्यावर ताकावरच्या निवळीसारखं पाणी चढलं होतं.

"हिरालालजी," ते म्हणाले, "तुमच्या पेल्यात पानी वर आलं."

रांगेत सात-आठ जणं होती. पुढे रुख्माबाई, हातात किटली. त्यांनी मान लांब करून पाहिलं आणि किटली पदराखाली घेतली. मागच्या माणसांना पेला दिसत नव्हता, पण रुख्माबाईंची किटली दिसली.

हिरालालांनी फोन बंद केला. पेल्याकडे पाहिलं, बापूरावांकडे पाहिलं. जन्मात खोटं बोलायची गरज न पडलेल्या माणसाचं जे होतं तेच त्यांचं झालं. वेळेवर एकही थाप सुचली नाही. आणि दुकानदार गप्प राहिला की गिऱ्हाईक स्वतः हिशेब करतं.

बापूरावांनी पेल्यात बोट बुडवलं आणि थेंब अंगठ्याच्या नखावर धरला. थेंब ओघळून मनगटापर्यंत गेला.

"थांबत नाई," ते म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता. बावीस वर्षं चुकलो, असं काहीतरी होतं, आणि ते रागाहून वाईट होतं.

पडद्याआड सुलोचनाबाई मिक्सरचं भांडं विसळत होत्या. त्यांना सगळं ऐकू येत होतं. हात थांबला. खरं सांगावं तर नवरा चार महिने गावाला फसवत होता असं ठरणार. न सांगावं तर दुधात पाणी घालतो असं ठरणार. पहिल्यात माणसाचं नाव जात होतं, दुसऱ्यात दुधाचं. सासूबाई असत्या तर म्हणाल्या असत्या, माणूस जाऊ दे, दूध राख. सुलोचनाबाईंनी हात पुसले, चोथ्याचं फडकं तसंच उचललं आणि पडदा सारून बाहेर आल्या. चौतीस वर्षांत गर्दीच्या वेळी त्या पडद्याबाहेर आल्या नव्हत्या, त्यामुळे आधी सगळे त्यांच्याकडेच बघत राहिले.

फडकं त्यांनी बापूरावांसमोर काउंटरवर उघडलं. "हे दूधच नाई, भाऊजी. शेंगदाने हायेत. म्या वाटते."

बापूरावांनी चोथ्याचा वास घेतला. चिमूट तोंडात टाकली. तपासणी पुरी व्हायला वेळ लागला.

रांगेत कुणीतरी हसलं. पण रुख्माबाई हसल्या नाहीत. त्यांनी तोच प्रश्न विचारला जो येणारच होता. "मंग मालक आपलं दूध काऊन पीत नाई वो?"

सगळे हिरालालांकडे वळले. ते खालच्या फरशीकडे बघत म्हणाले, "पचत नाई मले. चार महिने झाले."

आयुष्यभर दूध विकणाऱ्या माणसाला हे सांगताना जेवढी लाज वाटली, तेवढी दुधात पाणी निघालं असतं तरी वाटली नसती. कॅन जणू त्यांच्या तोंडावर हसत होता.

"पचत नाई हे ठीक हाय," बापूराव म्हणाले. "पन मंग चार महिन्यापासून या दुधाले साक्षीदारच नाई."

कायद्याच्या दृष्टीनं ते बरोबर होतं. रुख्माबाईंची किटली पदराखालीच होती.

सुलोचनाबाईंनी पेला उचलला, शेंगदाण्याचं पाणी मोरीत ओतलं, पेला विसळला. कॅनचं झाकण काढलं. माप बुडवलं, पेला काठोकाठ भरला. मग थेंब आधी नखावर घेऊन बापूरावांसमोर धरला. तो बसून राहिला. पण बापूराव थेंबाकडे बघत नव्हते, पेल्याकडे बघत होते. या गावात थेंबावर कधीच भागलं नव्हतं.

सुलोचनाबाईंनी पेला तोंडाला लावला. कच्चं, कोमट दूध. एका दमात प्यायचं असतं हे त्यांना माहीत होतं, पण सवय नव्हती. मध्ये दोनदा थांबावं लागलं. रक्षा पडद्यातून डोकावून बघत होती. पेला रिकामा झाला. वरच्या ओठावर पांढरी रेघ घेऊन त्या उभ्या राहिल्या.

"कसं हाय?" बापूरावांनी विचारलं.

दूधवाल्याच्या बायकोनं द्यायचं उत्तर सगळ्यांना पाठ होतं. सुलोचनाबाईंनी खरंच विचार केला. तोंड वाकडं झालं ते त्यांना थांबवता आलं नाही.

"पानी नाई त्यात," त्या म्हणाल्या. "पन मले काई आवडलं नाई. फिक्कं लागते."

मग बापूराव आधी हसले. ढोंग करणारी असती तर अमृत म्हणाली असती. स्वतःच्या मालाला स्वतःच्या काउंटरवर फिक्कं म्हणणारी बाई खोटं बोलत असेल, हे त्यांच्या नोकरीतल्या अनुभवात कुठे बसत नव्हतं. त्यांनी पेपर उघडला. रुख्माबाईंनी किटली पुढे केली, वर म्हणाल्या, "एक लिटर देजो. अन् त्या शेंगदान्याचं कसं करता ते मले सांगजो. आमच्याही बुढ्याचं पोट तसंच हाय."

हिरालालांनी मान वर न करता माप हातात घेतलं. मापं मात्र भरूनच गेली.

त्या दिवसापासून पहिलं माप पडद्याआड जात नाही. सकाळी सहाला सुलोचनाबाई स्वतः बाहेर येतात, सगळ्यांच्या देखत पेला भरतात आणि पितात. हिरालाल त्या वेळी आत बसून भिजलेल्या शेंगदाण्यांची सालं काढतात. आधी त्यांना ते बायकी काम वाटायचं. आता रक्षानं सालं नीट काढली नाहीत तर ते तिला बोलतात. शेंगदाण्याचं दूध ते पडद्याआड, निवांत, बसून पितात आणि मीठ कमी पडल्याचं सांगतात.

बाहेर बापूराव रोज विचारतात, "कसं हाय?" सुलोचनाबाई तोंड वाकडं करून म्हणतात, "फिक्कं." रांग हसते, भांडी पुढे सरकतात. रूपरावांच्या ढाब्यावरच्या ड्रायव्हरांनाही हे माहीत आहे म्हणे. मालकिणीला आवडत नाही इतकं शुद्ध दूध, असं ते एकमेकांना सांगतात.

पावसाळा संपता संपता सुलोचनाबाईंच्या लक्षात आलं की पेल्याची वेळ झाली की त्यांना भूक लागते. ताज्या दुधाला एक गोडसर वास असतो, तो त्यांना पडदा सारायच्या आधीच येतो. एकदा रक्षाच्या माहेरी मुक्काम पडला, तर सकाळी सहाला उगीचच जाग आली आणि काहीतरी चुकल्यासारखं वाटत राहिलं. आता पेला एका दमात संपतो, मध्ये थांबावं लागत नाही. शेवटच्या घोटाला थोडं वाईटही वाटतं.

हे त्यांनी कुणाला सांगितलेलं नाही, हिरालालांनाही नाही. पेला काउंटरवर ठेवला की त्या आठवणीनं तोंड वाकडं करतात.