सगळ्यांना एकच गाडी

फोन आला तेव्हा मी ज्वारी निवडत होते. "वहिनी, साहेबांना दवाखान्यात आणलंय, जल्दी या," असं यांच्या कारखान्यातला माणूस म्हणाला आणि त्याच्या आवाजावरूनच मला सगळं कळलं. आयुष्यभर मला एका फोनची धास्ती होती, पण तो माझ्या भावाबद्दल येईल असं वाटायचं. आला यांच्याबद्दल. हे जाऊन महिना उलटला, तरी घंटी वाजली की हात गार पडतात...

आमचे हे जालन्याच्या औद्योगिक वसाहतीत इंजिनिअर. मद्रासचं नाव बदललं नव्हतं तेव्हापासून रजा साठवून तिकडे जायचे, मोटारींच्या शर्यतीत गाड्या तपासायला. माझा धाकटा भाऊ सुदाम मंठ्याचा, ट्रॅक्टरवर हात बसलेला. यांच्याच नादाने तो तिथे गाडी चालवू लागला. देशातल्या वरच्या शर्यती त्या. एरवी आम्हाला दारात कोणी उभं केलं नसतं. पण खर्चाला आळा बसावा म्हणून तिथे नियम होता : सगळ्यांना एकच गाडी, एकच इंजिन, सुटे भाग एकाच कारखान्यातले, आणि कोणाला कोणती गाडी ते चिठ्ठ्या टाकून. "पैसेवाल्याचं पोरगं अन् आपला सुदाम, दोघं बराबर," हे कौतुकाने सांगत. मी देवापुढे बसून राही. "भित्यापाठी ब्रह्मराक्षस," म्हणून हे चिडवत. मी म्हणे, ब्रह्मराक्षस परवडला, तो निदान इतक्या वेगाने येत नाही.

एकदाच मी शर्यत बघायला गेले. सुदामला शर्यत सुटताना सर्वांत पुढची जागा मिळाली होती. सकाळी तपासणीत यांना एका गाडीच्या स्टिअरिंगच्या दांड्यावर केसाएवढा तडा दिसला. ती गाडी सुदामची नव्हती, म्हणून मला हायसं वाटलं. यांचा चेहरा मात्र पांढराफटक पडला होता. "अगं, एकाच साच्यातले दांडे हैत," ते म्हणाले. "एकाला तडा मंजी सगळ्यांवर संशय." ज्या नियमाने माझा भाऊ इथवर आला, त्याच नियमाने तेच लोखंड त्याच्याही हातांखाली होतं. हे एकेका चालकाजवळ गेले, गाडी एका अंगाला ओढते का म्हणून विचारलं. हो म्हणणाऱ्याची गाडी बदलणार आणि त्याला सर्वांत मागे उभं करणार. सगळे नाही म्हणाले. सुदामही. तरीही गाड्या ठीक असल्याच्या कागदावर यांनी सही केली नाही, आणि शर्यत रद्द झाली.

आयोजक यांच्यावर धावून आले. नव्या दांड्यांचा खर्च कोणी द्यायचा, हाच एक प्रश्न. जुने दांडे न तपासताच भंगारात गेले, त्यामुळे हे बरोबर होते की भित्रे, ते कोणालाच कळलं नाही. यांना पुन्हा बोलावणं आलं नाही. सुदामला वाटलं, दाजींनी हातातला घास काढला. तो शर्यती सोडून मंठ्याला परतला, आणि खरं सांगते, मला त्याचा आनंदच झाला. आमच्याकडे दिवाळीपुरता यायचा, बोलायचा कामापुरतं.

परवा तो आला. चहा तसाच ठेवून म्हणाला, "ताई, ओढत होती गाडी... डावीकडं. दाजींनी इचारलं, मी न्हाई म्हणलो. ते लई येळ माझ्याकडं बघत राह्यले, मंग पुढं गेले."

तो समोर बसलेला, केस पिकलेला, धडधाकट. तरी मी त्याचा दंड घट्ट धरला आणि मला तो सोडवेना. यांना कळलं होतं तर. आणि मेहुण्याची अब्रू राखायला हे माझ्याजवळही बोलले नाहीत.

दरवर्षी भाऊबीज करून सुदाम निघाला की हे ओट्यावर येत आणि त्याच्या मोटरसायकलकडे बघत विचारत, "ओढत न्हाई ना रे?" मी म्हणे, लागलीय यांना सवय. सुदाम नुसती मान हलवून निघून जाई.

परवाही तो गाडीवर बसला, पण किक मारेना. मी दारात उभी होते.

"थोडी ओढते, दाजी," तो रिकाम्या ओट्याकडे बघून म्हणाला.