धाकट्याचा अतिरिक्त कार्यभार

"त्याला विकून टाका," असं मला अकरा जणांनी सांगितलं, तेही पुन्हा पुन्हा. मी विकलं नाही. का नाही, हे त्या अकरा जणांना आजही कळलेलं नाही, आणि मी समजावत बसणारही नाही.

तो म्हणजे माझ्या बेसबॉल टीममधला बावीस वर्षांचा खेळाडू. खरा नव्हे, कॉम्प्युटरने घडवलेला. टीममध्ये सगळ्यांत लहान, म्हणून मी त्याला धाकटा म्हणते. माझे दीर अमेरिकेत असतात. तिथे त्यांनी मित्रांसोबत हा खेळ मांडला आहे. बारा टीम, बारा मॅनेजर. एक मॅनेजर सोडून गेला तेव्हा त्यांनी फोन केला, "वहिनी, नुसतं नाव लावू द्या, संख्या भरायची आहे." संख्या भरायला बोलावलं की माझं डोकं फिरतं. महिन्याभरात मी नियम पाठ केले.

या खेळात बॅट हातात धरायची नसते. कोण खेळेल, कुठे उभा राहील, कोण खालच्या, म्हणजे राखीव टीममध्ये जाईल, याचे नुसते आदेश काढायचे. रोज संध्याकाळी कॉम्प्युटर सामने खेळतो आणि निकाल लावतो. उंटावरून शेळ्या हाकायचं काम. बेलापूरच्या सरकारी कार्यालयात मी सव्वीस वर्षं दुसऱ्यांनी काढलेले आदेश टाइप करत आले आहे, आता स्वतःचे काढायला मिळाले.

धाकट्याची अडचण सांगायला सोपी आहे. तो पहिल्या बेसवर उभा राहणारा खेळाडू, आणि पहिल्या बेसवर एकच माणूस उभा राहतो. तिथे टीममधला जुना खेळाडू होता, त्याला मी काका म्हणायचे. वय पस्तीस, टीममध्ये अकरा वर्षं, अजूनही बरे फटके मारणारे. काका हलत नाहीत तोवर धाकटा खालच्या टीममध्ये. तिथे तो सगळ्यांना धुऊन काढत होता, पण वर जागाच नव्हती. त्यात नियम असा की खेळाडूला तीनच हंगाम खाली ठेवता येतं. चौथ्याला वर घ्या, नाहीतर त्याचं नाव खुल्या यादीत टाका, मग कुणीही त्याला उचलून न्यावं.

दुसरा कुणी असता तर त्याने काकांना बसवलं असतं. माझ्या हातून ते होईना. आमच्या कार्यालयात ज्येष्ठता यादी असते. तुमच्या वरचं नाव निघेपर्यंत तुम्ही थांबायचं, मग तुम्ही कितीही कामाचे असा. माझ्या हाडात ते भिनलं आहे. मग मी काय केलं? तिसऱ्या हंगामात धाकट्याला वर घेऊन डावीकडच्या मैदानात उभं केलं. तिथली जागा रिकामी होती. तेवढंच सांभाळ म्हटलं, पुढे बघू. आमच्या कार्यालयात याला अतिरिक्त कार्यभार म्हणतात. काम पूर्ण द्यायचं, पद मात्र द्यायचं नाही.

धाकटा अंगाने दांडगा, पायाने जड. लांब उडालेल्या चेंडूमागे धावून त्याच्या नाकी नऊ आले. झेल सुटले. मग बॅटही रुसली. मॅनेजरांच्या ग्रुपवर हशा पिकला. एकाने लिहिलं, 'याची किंमत निम्मी झाली, आता तरी विका.'

एका रविवारी सकाळी कामोठ्याच्या घरी पोहे खाता खाता मी त्याचं पान उघडलं. खेळाडू खूश असला तर तिथे हिरवा चेहरा दिसतो, नाराज असला तर लाल. धाकट्याचा लालभडक होता. खाली कारण दिलं होतं: टीममधली आपली नेमकी जागा कोणती, हे या खेळाडूला माहीत नाही.

मी चमचा खाली ठेवला. मला रडू आलं, अगदी घळाघळा. आमचे हे साताऱ्याचे, रबाळ्याला कंपनीत आहेत. त्यांनी पेपर बाजूला केला. "काय झालं गं? कुनी काय बोललं का?"

"मी त्याला अतिरिक्त कार्यभार दिला हो," मी म्हणाले.

"कुनाला?"

"त्याला. माझ्यासारखाच."

त्यांना माहीत होतं. अडीच वर्षं मी वरिष्ठ लिपिकाचं माझं टेबल सांभाळून निवृत्त झालेल्या अधीक्षकांचंही टेबल सांभाळत होते. दर काही महिन्यांनी मुदतवाढीचा आदेश यायचा, मी पोच म्हणून सही करायचे. शिव्या अधीक्षकाच्या वाट्याच्या खायच्या, टेबलावर पाटी मात्र कोरी. आणि ज्या गोष्टीने मी आतून जळत होते, तीच मी त्या पोरावर हसत हसत लादली होती. मला स्वतःची लाज वाटली.

नवा हंगाम सुरू झाला त्या दिवशी मी जेवणाच्या सुट्टीत डबा उघडायच्या आधी आदेश काढला. पहिल्या बेसवर धाकटा. काका बाकावर. काकांचा चेहरा लाल झाला. वाईट वाटलं, पण अकरा वर्षं ती जागा त्यांनी नावानिशी भोगली होती. माझ्या हातातली यादी मीच फाडली होती आणि मला मोकळं वाटत होतं.

धाकटा पहिले नऊ सामने सपशेल पडला. आम्ही त्यातले सात हरलो. दिरांचा फोन आला.

"वहिनी, काकांना परत आणा. ऐका माझं, टेन्शन घेऊन खेळतोय तो. हरताय तुम्ही."

"हरू दे की, भाऊजी."

"अहो, पण शेवटच्या नंबरावर जाल!"

"जाईन. तो आता त्याच्या जागेवर उभा आहे. त्याला तिथून मी हलवणार नाही, तुम्ही सगळे मिळून ओरडलात तरी."

दहाव्या सामन्यात त्याने दोन फटके मारले. फार काही नव्हतं ते. आम्ही तोही सामना हरलो. पण चेहरा हिरवा झाला होता, आणि मी ऑफिसात एकटीच हसले.

त्याच आठवड्यात माझ्या मुदतवाढीचा आदेश आला. शिपाई पोच घ्यायला उभा राहिला. मी कागद परत दिला आणि साहेबांच्या केबिनमध्ये गेले.

"सर, मी हा कार्यभार पुढे घेणार नाही."

"अहो मॅडम, असं कसं? तुमच्याशिवाय ते टेबल चालतंय का?"

"म्हणूनच म्हणते. पदोन्नती द्या, आज बसते."

"ते माझ्या हातात असतं तर..." साहेबांनी हात वर केले. "असं करा, लेखी द्या."

त्यांना वाटलं असावं, लेखी म्हटलं की ही घाबरेल. मी केबिनमधून बाहेर आले आणि चार ओळींचं पत्र आवक शाखेत देऊन शिक्क्याची प्रत पर्समध्ये ठेवली. मग अधीक्षकांच्या टेबलावरचा माझा चष्मा, पाण्याची बाटली, पंचिंग मशीन उचललं आणि माझ्या जुन्या टेबलावर आणून ठेवलं.

फायली साचू लागल्या. लोक यायचे, त्या खुर्चीकडे बघायचे, मग माझ्याकडे. मी माझं काम करत राहायचे. चौथ्या दिवशी साहेब स्वतः बाहेर आले. ढिगाकडे बघत मोठ्याने म्हणाले, "इथे कोणी बसत नाही का?"

सगळा विभाग माझ्याकडे बघत होता.

"नाही सर," मी म्हणाले. "ती जागा रिकामी आहे. अडीच वर्षं झाली."