बाबांच्या टू-सीटरचे पाटे

एका गाडीवर किती किस्से जमावे बावा! कट्ट्यावर चहा आला की पोट्टे मलेच विचारते, "सांग बे, सस्पेन्शन कुठवर आलं?" हसा लेकहो, हसा! वर्षभर डोकं माहं फिरलं होतं.

गाडी म्हणजे बाबांची जुनी लाल स्पोर्ट्स कार. दोनच सीट. लग्न झाल्यावर आईले याच गाडीत बसवून थे अमरावतीहून अकोल्याले, तिच्या माहेरी नेत. मंग बाबांच्या मणक्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणे, दणका चालणार नाही. बाबा मले म्हणे, "एक डाव तुह्या मायले घेऊन अकोल्याले जाईन. गाडी नरम कर." बस, तेवढंच कराचं होतं!

*

गजूभाऊ मिस्त्रीची जिंदगी गेली मालाच्या गाड्या रिपेर करण्यात. त्याले म्हटलं, सस्पेन्शन चांगलं करून दे. घ्याले गेलो तं गाडी मागून हातभर वर!

"हे काय केलं बे?"

"स्प्रिंगचे पाटे वाढवले भाऊ! आता बिनधास्त सरकीचे पोते टाका, दबत नाही!"

"अबे, दोन माणसांची गाडी आहे! पोते काय बाबांच्या मांडीवर ठेवू?"

तो शांतपणे म्हणे, "डिक्की आहे ना."

*

सगळं काढाले लावलं. नवे नरम पाटे बनवले, शॉकअप बदलले. तं कॉलनीले खेळ भेटला! येणारा-जाणारा बॉनेट दाबून पाहे. दूधवाला दाबे, पोस्टमन दाबे. माहा दोस्त पक्या तं चक्क वर बसून उड्या माराले लागला. "मस्त झुलते बे!"

"उतर आधी! टरबूज आहे काय दाबून पाहाले?"

बॉनेटले खड्डा पडला तो अजून आहे.

*

शेजारच्या भाऊसाहेबांनं आपल्या गेटसमोर स्वतःच स्पीडब्रेकर बांधला. परवानगी कोण मागते! आमची गाडी आता खाली बसलेली. पहिल्याच दिवशी पोट घासलं, सायलेन्सर तुटून पडला. भांडाले गेलो तं उलटा मलेच म्हणे, "आमचा ब्रेकर बरोबर आहे. तुमचीच गाडी बुटकी!" असा संताप आला!

अकोल्याले जाच्या दिवशी त्यानंच चार पोट्टे बोलावले, रिकामी गाडी उचलून ब्रेकरपलीकडं ठेवली अन् म्हणे, "घ्या, मिटलं. वापस आले की आवाज द्या."

*

बाबा अन् आई टू-सीटरमध्ये, मी पक्याच्या गाडीत मागं. खड्डा त्यांच्या चाकाखाली, जीव माहा वर-खाली! अकोल्यात मामाच्या दारात गाडी थांबली. बाबा आपले आपण उतरले, ताठ. पण तोंड लालबुंद!

मी धावलो. "बाबा, कंबर दुखली काय?"

"कंबरेले काय धाड भरली!"

"मंग चिडले काहून?"

"तुही माय झोपली! बडनेरा गेलं नाही तं झोपली, थे इथंच उठली! पहिले हरेक खड्ड्याले माहा हात धरे."

आई जांभई देत पदर सावरत होती.

"गजूले फोन लाव," बाबा म्हणे. "जुने पाटे परत टाक म्हणा!"