भूमका विसरला नव्हता

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही — बायकोलाही नाही. तुम्हाला सांगतोय.

मी अकोल्याच्या जुन्या शहरातला व्यापारी. हमाली करत वर आलो. कापसाची दलाली बसली त्या वर्षांत मेळघाटात चारोळी घ्यायला जाऊ लागलो. तिथल्या कोरकूंची एक रीत आहे — गावाचा पुजारी, म्हणजे भूमका, मुठवादेवाला नवं फळ वाहत नाही तोवर झाडाला कुणी हात लावत नाही. तेवढ्या अवधीत फळ पिकतं, पाखरं खातात, बी मातीत पडतं.

पहिल्या वर्षी मी लवकर पोचलो. सोमा भूमकानं टेम्पो रिकामा परत पाठवला. "पहिले देवाले, मंग पाखराले, मंग तुले." एक म्हातारी म्हणाली, "काहून शेठ, कापसानं हाकललं, आता झाडानंबी हाकललं का?" सगळं गाव हसलं. भावात मी भल्याभल्यांना गप्प केलंय — तिथे मात्र मान खाली घालून निघालो. ते अजून डाचतं. खोटं कशाला बोलू?

खोटं बोललो ते पुढच्या वर्षी. सोमा लेकीच्या गावी गेला होता. मी गावात जाऊन सांगितलं — भूमका मला धारणीच्या बाजारात भेटला, पूजा लेकीच्या गावीच केली म्हणाला, तोडा. कुणी उलटून विचारलं नाही. देवाच्या नावानं कुणी खोटं बोलेल, हे त्यांच्या मनात यावं तरी कसं? मी घाई लावली. फांद्यांसकट कच्ची चारोळी उतरली.

पण एवढंच असतं तर —

सोमा परतला. "म्या नाही सांगितलं," म्हणाला. गावानं मला बोलावलं. मी त्याच्या डोळ्यांत बघून म्हणालो, "विसरला का, बाबा?"

गाव म्हणालं, म्हातारा झाला, भान राहत नाही. पूजा त्याच्याकडून काढून घेतली. आणि तो? कपाळ चोळत बसला. स्वतःवरचाच त्याचा विश्वास उडाला. ते मी पाहिलं, आणि माल घेऊन निघालो.

यंदा गेलो. मोडल्या जागी नव्या फांद्या आल्यात, घोस लागलेत. सोमा अजून आहे. पूजेच्या वेळी कडेला बसतो म्हणे. परवा पूजा आहे, सगळं गाव जमेल. मी जाणार आहे, टेम्पो न घेता. त्यांनी काय करायचं ते त्यांचं ते ठरवतील. मला सगळ्यांसमोर एवढंच म्हणायचंय — तू काही विसरला नव्हता, बाबा. मी खोटं बोललो.