यादीप्रमाणे भांडी

कौटुंबिक न्यायालयाच्या आवारात काल एक टेम्पो रिकामा होत होता. एक नवरा आपल्या बायकोचं स्त्रीधन परत करत होता. मी भावाच्या तारखेला गेले होते. स्त्रीधन म्हणजे दागिने, एवढंच मला ठाऊक. त्या बाईच्या वकील मॅडमनी समजावलं, "लग्नात तिला मिळालेलं सगळं तिचंच. अगदी परातसुद्धा."

परात उतरली ती घणाने चेचलेली. मग डबे, पातेली, कळशी. प्रत्येक भांडं ठेचलेलं, आणि 'आईकडून' असं जिथे कोरलं होतं तिथे तर पत्रा फाटेपर्यंत घाव घातलेले. "यादीप्रमाणे मोजून घ्या," तो शांतपणे म्हणाला. यादीत 'परात एक' एवढंच असतं; ती धड असावी, असं कोण लिहितं? तो घण समोर असता तर मीच उचलला असता. आपण लेकीच्या भांड्यांवर नाव कोरतो, जणू ते वाचून कुणाचा उगारलेला हात थांबणार आहे!

शेवटी एक तांब्या निघाला. त्याला एकच पोचा होता.

"हा तेवढा वाचला," मॅडम म्हणाल्या.

"हा पोचा जुना आहे," बाई म्हणाली. तिने कानामागचे केस बाजूला केले आणि तिथल्या व्रणावर तांब्या टेकवला. पोचा बरोब्बर बसला.

"तुम्ही क्रूरतेचा पुरावा मागत होता ना, मॅडम? हा घ्या. त्यानेच आणून दिलाय."