उंचावरून ओतलेलं पाणी

आमच्या बोअरच्या पाण्याला उकडलेल्या अंड्याचा वास येतो, हे आमच्या आळीत कुणी मोठ्याने बोलत नव्हतं. मळवलीत आमच्या ओळीतल्या घरांनी मिळून ती बोअर आणखी खोल करून घेतली होती. पाणी लागलं त्या दिवशी शेजाऱ्यांनी नारळ फोडला, आमच्या घरून शिऱ्याचं पातेलं गेलं. एवढे लाड करून आणलेल्या पाण्याला नावं कोण ठेवणार? पाहुण्यांनी नाक मुरडलं की आम्ही म्हणायचो, "नवीन आहे, होईल हळूहळू चांगलं." पाणी तपासून आणलं होतं आणि ते पिण्याजोगं होतं, त्यामुळे मीही श्वास धरून पीत होते.

अडचण सासूबाईंची होती. अम्मांची एक किडनी पूर्वीच निकामी झालेली. दुसरीत खडे धरायला लागले तेव्हा लोणावळ्याच्या डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन बजावलं, की औषधाच्या बरोबरीने भरपूर पाणी पोटात गेलंच पाहिजे, नाहीतर हीसुद्धा हातची जाईल. आणि नेमकं तेव्हाच अम्मांनी पाणी पिणं टाकलं. पेला तोंडाशी नेला की त्यांना उमासे यायचे. गोळी गिळण्यापुरता घोट घ्यायच्या, पदराने ओठ पुसायच्या आणि "प्यायले बाई" म्हणायच्या.

मी काही गोड बोलणारी सून नाही. पेला घेऊन घरभर त्यांच्या मागे फिरायचे, ओरडायचे, मग स्वयंपाकघरात जाऊन भांडी आपटायचे. घाबरले की मला राग येतो, हा माझा जुना खाक्या. माठात वाळा घालून पाहिला, तर अंड्याला अत्तर लावल्यासारखं लागायला लागलं. पाणी उकळून दिलं, तर "यातला जीवच गेलाय" म्हणाल्या. विकतचा जार मागवला, त्याला प्लास्टिकचा वास. चहा मात्र आनंदाने घ्यायच्या, पण डॉक्टरांनी चहाला मोजमाप घालून दिलेलं.

अम्मांचा एक नियम आहे, त्यांच्या आईकडून आलेला: पाणी उघडं राहता कामा नये. भांडं भरलं रे भरलं की झाकण. माठावर ताटली, ताटलीवर धुतलेलं फडकं. चुकून उघडं राहिलेलं पाणी त्या सरळ कुंड्यांना घालायच्या. नवीन पाणी आल्यापासून तर झाकणावर खलबत्त्यातला बत्ताही ठेवायला लागल्या, वास घरात पसरू नये म्हणून. आम्हा कुणाला त्यात काही वावगं दिसलं नाही. उलट मी स्वतः बत्ता शोधून द्यायचे.

मग समोरच्या मावशींकडे बारसं निघालं. मावशी मूळच्या डोंगरावरच्या वाडीतल्या, आता खाली घर आणि थोडी भातखाचरं. मे महिन्याची दुपार, अम्मा घामाघूम झालेल्या. मावशींनी पडवीतल्या हंड्यातून तांब्या भरून दिला. अम्मांनी तो वरूनच घटाघटा घशात ओतला आणि पुन्हा पुढे केला. मी बघतच राहिले.

"मावशी, हे पाणी कुठलं?"

"कुटलं म्हंजी? तुमी पिता तेच. बोअरचं."

"पण याला वास नाही."

"सकाळच्याला लय मारतो की. पर ह्यो हंडा आसाच उघडा ऱ्हातो. झाकण कुटं गेलंय, गावतच न्हाई. दुपारपातुर वास उडून जातो."

अम्मांचा हात थबकला. दुसरा तांब्या अर्धा झाला होता. मावशींचा अवमान नको म्हणून त्यांनी तो संपवला आणि वर "छान आहे" असंही म्हणाल्या. घरी आल्यावर मात्र मी माठाचं झाकण काढायला गेले, तर अम्मा आडव्या आल्या.

"माझ्या घरात पाणी उघडं राहणार नाही."

"मग किडनी गेल्यावर झाका," मी म्हणाले. तोंडातून गेलं ते गेलंच.

माझे सासरे, अब्बा, कॉटवर बसून हे सगळं ऐकत होते. स्टेशनाजवळ त्यांचं चहाचं हॉटेल होतं. गुडघे गेले तसं ते माझ्या नवऱ्याने चालवायला घेतलं, आणि अब्बा दिवसभर घरात कंटाळायचे. ते भिंत धरत ओट्याशी आले आणि त्यांनी दोन मोठे मग मागितले.

"उघडं ठेवायचं नाही ना? नाही ठेवत," ते अम्मांना म्हणाले. "वास काढतो आणि लगेच झाकतो."

गिऱ्हाइकासमोर चहा वर-खाली करावा तसं त्यांनी पाणी करायला घेतलं. एक हात डोक्याच्या वर, दुसरा कमरेखाली, मध्ये पाण्याची लांब धार. स्वयंपाकघरात असा काही वास सुटला की मी खिडकी उघडायला धावले, आणि मावशींचं म्हणणं तेव्हा नाकाला पटलं. वास पाण्यातून निघत होता, आणि इतके दिवस आम्हीच तो झाकणाखाली कोंडून ठेवला होता. मगातून मगात पुन्हा पुन्हा ओतून अब्बांनी पाणी भांड्यात घेतलं आणि अम्मांच्या समाधानासाठी ताबडतोब झाकलं. अम्मांनी आधी हुंगलं, मग जरासं चाखलं, मग पेला रिकामा केला. मी सिंककडे तोंड करून रडून घेतलं.

त्यानंतर अब्बांना रोजचं काम लागलं. गुडघे कुरकुरत असतानाही ते सकाळी ओट्याशी उभे असायचे. दिवसभर पुरेल एवढं पाणी वर-खाली करून झाकून ठेवायचे. मावशींच्या हरवलेल्या झाकणाचे, अब्बांच्या हाताचे, अगदी त्या वासट बोअरचेही मी मनोमन आभार मानते, कारण उन्हाळ्यात आमच्या दाराशी पाणी होतं आणि ते पिणारं माणूस घरात होतं.

पावसाळ्यानंतर पुन्हा तपासणी झाली. डॉक्टर म्हणाले, नवे खडे नाहीत, किडनी नीट काम करतेय. घरी आलो तेव्हा अब्बा ओट्याशीच होते. मी त्यांना सांगितलं. त्यांनी मान डोलावली, धार काही थांबवली नाही. अम्मा खुर्ची ओढून बसल्या आणि बराच वेळ त्यांच्या हातांकडे बघत राहिल्या.

"सगळ्या मळवलीला चहा पाजलात," त्या म्हणाल्या. "मला कधी आपल्या हाताने एक कप दिला नव्हतात."

"तू कधी मागितलाच नाहीस."

"आता मागतेय ना," म्हणत अम्मांनी रिकामा पेला पुढे केला.