सुट्टीच्या दिवशीचा हादरा

अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यांना लागून आमची शेड आहे. आम्ही लेझर यंत्रांसाठी तांब्याचे आरसे कापतो. हिऱ्याच्या टोकानं कापलेलं तांबं इतकं नितळ निघतं, की त्याला पॉलिशही लागत नाही. हे काम मला शिकवलं ते साठीला टेकलेल्या एका कारागिरानं. तेलुगू विणकर घरातले. मी त्यांना मामा म्हणायची.

तीन वर्षांपूर्वी आरशांवर बारीक लाटा यायला लागल्या. नुसत्या डोळ्याला दिसत नसत, तपासणीच्या पडद्यावर दिसत. मामा म्हणाले, "मशीन चांगलं हाय. बाहेरनं हादरा येतोय."

मग सुट्टीच्या दिवशी, आजूबाजूचे सगळे माग बंद असताना, आम्ही एक आरसा कापला. लाटा होत्याच.

"मामा, आता कुठला हादरा?"

"येतोय की. पायाला कळतंय मला."

माझ्या पायाला काहीच कळत नव्हतं. आरसा बसवताना त्यांचा हात किंचित थरथरतो, एवढं मात्र मी बरेच दिवस बघत होते. दुसऱ्या दिवशी मालकांनी विचारलं, तेव्हा मी म्हणून गेले, "मामांचा हात आता स्थिर राहिला नाही."

मामा दारातच उभे होते. संध्याकाळी डबा घेऊन गेले, ते परत आले नाहीत.

लाटा येतच राहिल्या. दोन महिन्यांनी भिंतीपलीकडच्या रंगाईवाल्यांचा बोअरचा पंप जळाला आणि त्याच दिवशी आरसा स्वच्छ निघाला. तो पंप सुट्टीलाही चालायचा.

मी मामांच्या घरी गेले, माफी मागितली. "परत या," मी म्हणाले.

"आता नको गं," ते म्हणाले. "तू बोललीस तेव्हापासून मी हाताकडंच बघत बसतो. आधी एवढा हालत नव्हता."

समोरचा चहा त्यांनी उचलला नाही.

गेल्या उन्हाळ्यात ते गेले. मी घरी भेटायला गेले तर मामी म्हणाल्या, "तुझं लई कौतुक होतं त्यांना." मामींनी चार शिव्या दिल्या असत्या, तर बरं झालं असतं.

दुपारी मशीन थांबवून पडद्यासमोर बसले, की अजूनही पाठीमागं कुणाचा तरी श्वास जाणवतो. शिकवताना ते तसेच उभे राहायचे आणि आरसा किती नितळ झाला, तो आकडा मला मोठ्यानं वाचायला लावायचे. मी वळून बघत नाही. पडद्यावरचा आकडा मोठ्यानं वाचते आणि थोडा वेळ थांबते.